डॉमिनिका : निसर्गपर्यटन

पूर्व कॅरिबियन समुद्रातील डोंगराळ बेट व स्वतंत्र देश. उत्तरेस ग्वाडलूप आणि दक्षिणेस मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधोमध ते आहे. क्षेत्रफळ सुमारे ७५० चौ. किमी.; लोकसंख्या ७० हजारांच्या आसपास; राजधानी रोझो. डॉमिनिकन प्रजासत्ताक हा देश निराळा. नामसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत नेहमी होते. ३ नोव्हेंबर १४९३ रोजी, रविवारी, हे बेट कोलंबसच्या नजरेस पडले आणि वारावरूनच त्याचे नाव पडले. मूळचे कालिनागो लोक मात्र त्याला ‘वायतुकुबुली’ म्हणत, म्हणजे ‘उंच तिची काया’. बेट पाहिलेल्याला हेच नाव अधिक पटते. जेमतेम ४७ किमी. लांबीच्या या भूमीवर मोर्न दियाब्लोतँ हे शिखर १,४४७ मी. उंच आहे, कळसूबाईहून फक्त दोनशे मीटरनी ठेंगणे.

या चढउतारांनीच बेटाचे नशीब ठरवले. उसाच्या मोठ्या मळ्यांना लागणारी सपाट जमीन येथे फारशी नव्हती. १७४८ मध्ये ब्रिटन व फ्रान्सने बेट कालिनागोंकडेच राहू द्यायचे ठरवले. तो करार कोणी फारसा पाळला नाही आणि १७६३ मध्ये ते ब्रिटिशांकडे गेले. मळ्यांतून पळालेल्या गुलामांनी याच रानांचा आसरा घेतला. ३ नोव्हेंबर १९७८ रोजी देश स्वतंत्र झाला. कामकाज इंग्रजीत चालते, पण गावोगावी फ्रेंचवर पोसलेली क्रेओल भाषा कानावर पडते. पांढऱ्या वाळूच्या लांबलचक किनाऱ्यासाठी येणाऱ्याने दुसरे बेट गाठावे. येथील वाळू बरीचशी काळी, ज्वालामुखीची.

मोर्न त्र्वा पितों राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये स्थापन झाले व १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. ‘बॉइलिंग लेक’, म्हणजे उकळते तळे, येथेच आहे. लोदा गावाजवळच्या टिटू घळीपासून जाऊन-येऊन सहा-सात तासांची ही चाल पाय मोडणारी आहे. वाटाड्या सोबत घ्यावाच. वाटेत ‘ब्रेकफास्ट रिव्हर’ नावाचा ओढा लागतो. तेथे थांबून लोक बाटल्या भरून घेतात, कारण पुढचे पाणी पिण्याजोगे नाही. पलीकडच्या ‘उजाड दरी’त गंधकाचा दर्प नाकात बसतो, झाडोरा विरळ होतो, पायाखाली पिवळे-पांढरे दगड आणि वाफेच्या चिरा. शेवटच्या चढावरून खाली पाहिले की सुमारे ६० मी. रुंदीचे राखी-निळे पाणी मध्यभागी खदखदताना दिसते, तेही वाफेने जागा दिली तर. खरे पाहता ही पाण्याने भरलेली ज्वालामुखीची वाफनळी आहे. पाण्याची पातळी वरखाली होते. क्वचित तळे आटून पुन्हा भरले आहे.

ईशान्य किनाऱ्यावर १९०३ मध्ये कालिनागोंसाठी सुमारे ३,७०० एकर जमीन राखून ठेवण्यात आली. आज तेथे तीन हजारांच्या आसपास लोक राहतात. लारूमा नावाच्या बोरूसारख्या वनस्पतीच्या टोपल्या आणि गोम्ये वृक्षाच्या खोडाची होडी हे त्यांचे नावाजलेले कसब. पाहुण्याने थांबून बघावी ती कसावाची भाकरी. कंद सोलून किसतात, कीस पिळून त्यातला विषारी रस काढून टाकतात आणि भुगा मोठ्या लोखंडी तव्यावर थापून भाजतात. उपवासाचा आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा. कंद मूळचा अमेरिकेचा, आपल्याकडे तो बाहेरून आला. कोकणातल्या माणसाला येथे भाजलेला निरफणसही भेटेल.

पोर्ट्समथजवळच्या इंडियन नदीवर नावाडी वल्ही मारत नेतात. तेथे इंजिनाला मज्जाव आहे. काठावर वळसे घेत पाण्यात उतरलेली मुळे ‘ब्लडवुड’ झाडाची, म्हणजे आपल्या बिबळ्याच्याच प्रजातीतील भावंडाची. पश्चिम किनाऱ्यालगतच्या खोल समुद्रात स्पर्म व्हेल वर्षभर असतात. त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौ. किमी.चे राखीव क्षेत्र करण्याची घोषणा सरकारने २०२३ मध्ये केली. सर्वांत लांबचा पायी मार्ग वायतुकुबुली राष्ट्रीय मार्ग : १८४ किमी., १४ टप्पे. सगळे टप्पे सलग चालणारे थोडेच. बहुतेकांना एक-दोन पुरतात.

१८ सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ बेटावरून गेले. एका रात्रीत डोंगर पानाविना तपकिरी झाले, घरांची छपरे उडाली. राष्ट्रध्वजावरचा सिसेरू पोपट आधीच दुर्मीळ, त्याचे त्यानंतर दर्शन अधिकच कठीण झाले. ‘माउंटन चिकन’ म्हणून पूर्वी ताटात वाढला जाणारा मोठा बेडूक बुरशीच्या रोगाने नामशेष होण्याच्या काठावर आहे. तो कोणी देऊ केला तरी खाऊ नये.

फेब्रुवारी ते मे हे कोरडे महिने चालण्यास बरे. कोरडे म्हणजे तुलनेने. डोंगरमाथ्यावर वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, आंबोलीची आठवण यावी असा. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, पण ऑक्टोबरअखेरचा क्रेओल संगीत महोत्सव त्यातच येतो. तेव्हा मद्रासी चौकड्यांच्या कापडाचे राष्ट्रीय पोशाख रोझोच्या रस्त्यांवर दिसतात. गावातल्याच विंडसर पार्क मैदानावर जुलै २०२३ मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालने पहिल्याच कसोटीत १७१ धावा काढल्या.