अॅल्युमिनियमच्या डोंग्याला रेड ऑक्साइड? नाही!

वैनगंगेच्या काठी जुना डोंगा रंगवायला काढला की सल्ला ठरलेला: "आधी रेड ऑक्साइड मारा." हा गंज रोखणारा लाल प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात, लोखंडाला ठीक आहे, अॅल्युमिनियमला नाही. या धातूवर हवा लागताच ऑक्साइडचा पातळ थर चढतो. रेड ऑक्साइड त्यावर नीट धरत नाही, पुढे पापुद्रे नखानं निघतात. म्हणून तेलकटपणा साबणानं काढा, पॉलिश पेपरनं चकाकी जाईस्तोवर घासा आणि अॅल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर त्याच दिवशी मारा. उद्यावर ढकललं, की घासणं पुन्हा आलंच! लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथंच खड्डे पडतात. बुडाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणारा तांबंयुक्त रंग तर नकोच, पाण्यात तोच पत्रा खातो.