आधी गुच्छ की आधी दीर्घिका?

उन्हाळ्याच्या अखेरीस, रात्री दक्षिणेकडे वृश्चिकेतला तांबूस ज्येष्ठा तारा शोधावा आणि त्याच्या जरा पश्चिमेला द्विनेत्री रोखावी. कापसाच्या बोळ्यासारखा पुसट ठिपका दिसतो. तो एम ४, एक बंदिस्त तारकागुच्छ, म्हणजे गुरुत्वाने बांधलेला ताऱ्यांचा दाट गोळा. १७६४ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिए यांना त्यात सुटे तारे दिसले. बंदिस्त गुच्छातले तारे असे वेगळे दिसण्याची ती पहिलीच वेळ.

हे गुच्छ फार म्हातारे, बारा अब्ज वर्षांच्या आसपासचे. मग ते जन्मले केव्हा आणि कुठे? १९६८ मध्ये पीबल्स आणि डिकी या भौतिकशास्त्रज्ञांनी एक देखणा हिशेब मांडला. महास्फोटानंतर अणू तयार झाले, तेव्हा स्वतःच्या गुरुत्वाने कोसळू शकणारा लहानात लहान ढग साधारण गुच्छाएवढ्याच वस्तुमानाचा असणार. म्हणजे गुच्छ आधी, दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या विराट वस्त्या) मागून. पण गुच्छांतल्या ताऱ्यांत थोडे का होईना लोह सापडते, आणि लोह आधीच्या ताऱ्यांच्या पोटातच घडते. त्यांच्याही आधी तिथे कोणीतरी जगून गेले होते!

१९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने अँटेना दीर्घिकांची टक्कर टिपली. दाबल्या गेलेल्या वायूत शेकडो कोवळे, वजनदार गुच्छ चमकत होते. वायू पुरेसा दाटला की तारे भराभर घडतात. मोठ्या ताऱ्यांचे प्रारण आणि स्फोट उरलेला वायू उधळून लावतात, पण तोवर गुच्छाची मोट बांधली गेलेली असते.

हेच विश्वाच्या बालपणी घडताना पाहायला जेम्स वेब दुर्बीण लागली, आणि वाटेतल्या दीर्घिकासमूहाचे गुरुत्वीय भिंगही; त्याच्या गुरुत्वाने मागून येणारा प्रकाश वळतो आणि मागची वस्तू मोठी दिसते. अँजेला अदामो आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘कॉस्मिक जेम्स’ या, भिंगामुळे कंसासारख्या ताणलेल्या दिसणाऱ्या दीर्घिकेत पाच गुच्छ दाखवले. त्यांचा हा प्रकाश निघाला तेव्हा महास्फोटाला अवघी ४६ कोटी वर्षे झाली होती. या गुच्छांची त्रिज्या जेमतेम तीन-साडेतीन प्रकाशवर्षे, आणि तेवढ्यात सुमारे दहा लाख सूर्यांचे वस्तुमान. आपल्या सूर्याभोवती तेवढ्या अंतरात दुसरा एकही तारा नाही. हा आकडा मला अजूनही थक्क करतो.

त्याच वर्षाअखेरीस ‘फायरफ्लाय स्पार्कल’ या आणखी एका आदिम दीर्घिकेत दहा गुच्छ मोजले गेले. तिचे निम्म्याच्या आसपास वस्तुमान त्या दहांतच होते. दीर्घिका अजून जुळत होती, आणि गुच्छ तिच्याच पोटात वाढत होते.