थेंब डोळ्यात, चव घशात

डोळ्यात औषध घातलं की मिनिटभरात घशाशी कडवट चव येते. औषध चुकून तोंडात गेलं असावं, असं अनेकांना वाटतं. खरं तर ते गेलं अश्रूंच्या वाटेनं. आरशासमोर उभं राहून खालची पापणी जरा बाहेर वळवा; नाकालगतच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच एक असतं. अश्रू तिथून नाकात उतरतात आणि त्यांच्यासोबत औषधही.

बाटलीतून पडणारा थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यात फार तर ३० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो, आणि त्यातली थोडी जागा अश्रूंनी आधीच घेतलेली असते. म्हणजे एकच थेंब डोळ्याला पुरून उरतो. दुसरा थेंब गालावर ओघळतो किंवा नाकातून रक्तात जातो. गुण काही वाढत नाही.

म्हणून थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटा. उघडझाप केली की पापण्या पंपासारख्या औषध नाकाकडे ढकलतात. नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या कोपऱ्यावर, बोटानं एक-दोन मिनिटं हलका दाब द्या. कडू चव बरीच कमी होईल. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर ते पहिल्याला धुऊन काढतं. मलम सगळ्यात शेवटी. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका, कारण तिथले जंतू बाटलीत जातात आणि पुढच्या थेंबासोबत परत डोळ्यात येतात.

डोळे आले की बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत बरे होतात. चार आठवडे उलटूनही लाली, खाज, चिकटपणा राहिला, तर दुखणं जुनाट झालं असं समजतात. त्यामागे बरेचदा ॲलर्जी, पापण्यांच्या कडांची सूज किंवा डोळ्यांचा कोरडेपणा असतो. तिथे प्रतिजैविकाच्या बाटल्या बदलत राहून काय होणार? कधी कधी तर औषधच डोळा लाल ठेवतं. अनेक थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड नावाचं परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारं रसायन, असतं. महिनोन् महिने वापरलं तर ते डोळ्याचा पृष्ठभाग खरवडल्यासारखा करतं. लाली घालवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसवतात. असर ओसरला की त्या पुन्हा फुलतात, कधी पहिल्यापेक्षा जास्त, आणि हात परत बाटलीकडे जातो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती स्टेरॉइडच्या थेंबांची. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते फार मोलाचं औषध आहे. खाज आणि सूज दोन दिवसांत उतरते, आणि धोका तिथेच सुरू होतो: पुढच्या वेळी डोळा लाल झाला की माणूस जुनी चिठ्ठी शोधतो. काही आठवड्यांच्या वापरानं अनेकांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, आणि कडेची नजर मात्र हळूहळू जाते. या काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. दीर्घ वापरानं मोतीबिंदूही होतो. लाली नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूमुळे असेल, तर स्टेरॉइडनं कॉर्नियावरची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावरची, जखम पसरते.

लेबल नीट वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही सगळी स्टेरॉइड्स आहेत. प्रतिजैविकासोबत एकाच बाटलीत ती असतात, आणि घरात तिला नुसतं ‘डोळे आल्याचं औषध’ म्हटलं जातं. असं औषध चालू असेल तर दाब कधी तपासायचा, हे डॉक्टरांना विचारा. ते मनानं एकदम बंदही करू नका. मात्रा कशी उतरवायची ते डॉक्टर सांगतील.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, छापलेली मुदत पुढची असली तरी. डोळा ठणकू लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि जाताना वापरलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या.