माझ्या पीसीवर तर चालतंय! सेटअप, डीएलएल आणि निळ्या खिडकीमागची पार्श्वभूमी

इंदुरात बीसीए-एमसीए करणाऱ्या पोरांचं परीक्षेच्या सुमारास एक ठरलेलं रडगाणं असतं. प्रोजेक्ट घरी मस्त चालतो, पेनड्राइव्हवर टाकून कॉलेजच्या लॅबमध्ये नेला की उघडतच नाही. कधी अमुक डीएलएल (अनेक प्रोग्रामांनी मिळून वापरायच्या कोडची फाइल) सापडत नाही म्हणतं, कधी निळी खिडकी येऊन ‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ सांगते, आणि कधी तर काहीच नाही, डबल क्लिक केलं, कर्सर जरासा फिरला आणि गप्प. मग पोरं नेटवर जातात, कुठल्यातरी साइटवरून तीच एक डीएलएल उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात कोंबतात (हे करू नका रे बाबांनो, त्या फाइलीत काय भरलंय देव जाणे) आणि शेवटी स्वतःलाच मूर्ख ठरवून मोकळी होतात. खरं तर यातली जवळपास प्रत्येक अडचण तीस वर्षांतल्या कुठल्यातरी जुन्या दुखण्यावरचा इलाज आहे. तो इलाज त्या वेळी बरोबरच होता, फक्त आता तो नवीन माणसाच्या पायात येतो.

सुरुवात झाली जागेच्या टंचाईने. विंडोज ९५ आलं १९९५ च्या ऑगस्टमध्ये, कमीत कमी रॅम लागायची ४ एमबी, आणि फ्लॉपीवर घेतलं तर १३ फ्लॉप्या. अशा मशीनवर दहा प्रोग्रामांनी तोच कोड दहा वेळा ठेवायचा म्हणजे चैनच. म्हणून सामायिक कोड डीएलएलमध्ये काढायचा, सगळ्यांनी तीच फाइल वापरायची, डिस्कवर एक प्रत आणि मेमरीतही एकच. वाड्यातल्या एकाच नळासारखं, सगळी बिऱ्हाडं त्यावर पाणी भरणार, आणि एकाने तोटी बदलली की बाकीच्यांच्या बादल्या रिकाम्या.

तोटी बदलणारे पुष्कळ होते. प्रत्येक सेटअप आपापली डीएलएल सिस्टम फोल्डरमध्ये टाकायचा, काही सेटअप तर आधीची फाइल नवीन आहे का जुनी हेही न बघता वरून टाकायचे. त्यात कॉम आणि ओसीएक्सची, म्हणजे कुठल्याही प्रोग्रामात बसवता येणाऱ्या तयार तुकड्यांची, भर. एखादा ग्रिड कंट्रोल (तक्ता दाखवणारा असा तुकडा) कुठे ठेवलाय त्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, एकाच ठिकाणी, म्हणजे जो शेवटी इन्स्टॉल झाला तो राजा. आणि अनइन्स्टॉल करताना तो प्रश्न यायचा, ही शेअर्ड फाइल आता कोणी वापरत नाही असं दिसतंय, काढू का? लोक बिनधास्त येस दाबायचे आणि शेजारचा बिलिंगचा प्रोग्राम दुसऱ्या दिवशी सकाळी रनटाइम एरर ३३९ किंवा ४२९ देऊन बसायचा. याच सगळ्याला पुढे डीएलएल हेल म्हणायला लागले.

आपल्याकडे हे सगळं आलं ते मुख्यतः व्हिज्युअल बेसिक (व्हीबी) या प्रोग्रामिंग भाषेच्या मार्गाने. व्हीबीची पहिली आवृत्ती १९९१ ची, सहावी १९९८ ची, आणि ती सहावी इतकी रुजली की मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये त्या एडिटरचा सपोर्ट बंद केला तरी लिहिणारे लिहीतच राहिले. सियागंजातले होलसेलवाले, क्लॉथ मार्केट, छोटे नर्सिंग होम, सगळीकडे कोणीतरी ओळखीतल्याने व्हीबी६ आणि अ‍ॅक्सेस डेटाबेसमध्ये करून दिलेलं काहीतरी असायचंच. एकट्या व्हीबी६ च्या रनटाइमची (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या कोडची) डीएलएल साधारण १.३ एमबीची, म्हणजे १.४४ च्या फ्लॉपीत तीच जेमतेम बसायची, प्रोग्राम पुढच्या फ्लॉपीवर. पॅकेज अँड डिप्लॉयमेंट विझार्ड नावाची चीज सोबत यायची, ती सेटअपचे फ्लॉपीएवढे तुकडे पण करून द्यायची. पण रिपोर्टसाठी, कॅलेंडरसाठी बाहेरचे कंट्रोल वापरले असतील तर विझार्डला त्यांच्या पोटातल्या डीएलएल नेहमी कळायच्याच असं नाही. म्हणून जाणती माणसं खिशात रेगएसव्हीआर३२ ची (कंट्रोलची रजिस्ट्रीत नोंद करणाऱ्या कमांडची) बॅच फाइल ठेवायची, गिऱ्हाइकाकडे गेलं की आधी ती चालवायची आणि मग चहा.

देवनागरीचा त्रास वेगळाच. मध्य प्रदेशात क्रुतीदेव फॉन्टचं राज्य, त्यात टाइप केलेलं नाव डेटाबेसमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणूनच साठतं, वर फॉन्टचा मुखवटा. गिऱ्हाइकाच्या मशीनवर फॉन्ट टाकायला विसरलात की बिलावर सगळं गबाळ. मग युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक, विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्ट आला, पण एक्सपीवर रीजनल सेटिंगमध्ये जाऊन कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा खोका टिक करावा लागायचा आणि तो टिक केला की एक्सपीची सीडी मागायचा, जी कोणाकडेच नसायची. आणि एवढं करूनही व्हीबी६ चे स्वतःचे टेक्स्टबॉक्स युनिकोडवाले नव्हतेच, त्यामुळे ‘देशपांडे’च्या जागी एकापाठोपाठ एक प्रश्नचिन्हं. आजही कोणाच्या जुन्या प्रोग्रामात ???? दिसलं तर बहुतेक वेळा हेच असतं.

मायक्रोसॉफ्टने डागडुजी केली, नाही असं नाही. १९९९ ला ऑफिस २००० बरोबर विंडोज इन्स्टॉलर आला म्हणजे एमएसआय, विंडोज २००० मध्ये सिस्टमच्या फाइलींवर पहारा बसला, एक्सपीत एकाच डीएलएलच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायची सोय झाली (ते विनएसएक्सएस फोल्डर, जे बघून लोक आजही विचारतात, हे डिलीट करू का? नका करू). छोट्या माणसाला खरा आधार मात्र बाहेरून मिळाला, १९९७ पासूनचं इनो सेटअप हे सेटअप बनवायचं साधन, जॉर्डन रसेल नावाच्या माणसाचं, तेव्हा फुकट आणि सुटसुटीत. माझं प्रामाणिक मत, अजूनही नवशिक्याने एमएसआयच्या नादी लागण्याआधी इनो शिकावं.

२००२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट (प्रोग्राम लिहायची आणि चालवायची नवी व्यवस्था) आलं ते याच भांडणावर उत्तर म्हणून. वायदा असा की फोल्डर कॉपी करा, प्रोग्राम चालणार, रजिस्ट्रीची भानगड नाही. वायदा खरा होता, फक्त तो चालवणारं फ्रेमवर्क आधी तिथे असायला हवं होतं, आणि ते वीस-बावीस एमबीचं. डायलअपवर ५६ केबीपीएसने ते उतरवायला तासभर, तेही लाइन कापली नाही तर. म्हणजे पूर्वी एक डीएलएल कमी पडायची, आता अख्खं फ्रेमवर्क. पुढे आवृत्त्या वाढत गेल्या, २.०, ३.५, ४.०, आणि विंडोज ८ पासून ३.५ हे डीफॉल्ट चालू नसतं, ते फीचरमधून चालू करायचं, त्यासाठी बहुधा नेट लागतं, आणि दुकानातल्या बिलिंगच्या पीसीला नेट मुद्दाम दिलेलंच नसतं. सी प्लस प्लसवाल्यांचंही तेच, व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१५ पर्यंतच्या प्रत्येक पिढीचा वेगळा रनटाइम, पुढच्यांचा सामायिक, पण तो मशीनवर असावा लागतोच, म्हणून ‘व्हीसीरनटाइम१४० डॉट डीएलएल’ नाही म्हणतं. त्याचा इलाज म्हणजे त्या रनटाइमचा रीडिस्ट्रिब्युटेबल (सोबत वाटायचा इन्स्टॉलर) आपल्या सेटअपसोबत देणं. आणि डीएलएलच्या नावाच्या शेवटी ‘डी’ दिसला तर समजा तुम्ही डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठी बनवलेली प्रत) पाठवलंय, ते फक्त व्हिज्युअल स्टुडिओ असलेल्या मशीनवर चालतं, रिलीज करून पुन्हा पाठवा. लॅबमधल्या निम्म्या अडचणी इथेच संपतील.

मग विंडोज व्हिस्टा. तोपर्यंत घरोघरी, दुकानोदुकानी प्रत्येक जण अ‍ॅडमिन, प्रोग्राम कुठेही काहीही लिहू शकायचा, म्हणून सगळ्यांनी डेटाबेस प्रोग्राम फाइल्समध्येच, एक्झीच्या (प्रोग्रामच्या मुख्य फाइलीच्या) शेजारी ठेवलेला. असं करू नका हे मायक्रोसॉफ्ट विंडोज २०००च्या काळापासून सांगत होतं पण ऐकतो कोण. व्हायरसांचा सुळसुळाट झाल्यावर २००७ मध्ये व्हिस्टाबरोबर यूएसी (अ‍ॅडमिनचं काम करण्याआधी परवानगी विचारणारी व्यवस्था) घरोघरी आलं, प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायची परवानगी गेली. जुने प्रोग्राम धडाधड मरू नयेत म्हणून एक युक्ती केली, जुन्या धाटणीच्या प्रोग्रामने तिथे लिहायचा प्रयत्न केला की विंडोज गुपचूप त्या फाइलीची प्रत युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये, व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात करणार आणि लिखाण तिकडे वळवणार. प्रोग्रामला पत्ताही नाही.

या युक्तीने काय मजा केली ते रामबागेतल्या एका ओळखीच्या काकांकडून ऐकलंय. ते सियागंजात मसाल्याच्या दुकानांना बिलिंग करून द्यायचे. एका दुकानात नवा विंडोज ७ चा पीसी आला, सेठजींचं लॉगिन वेगळं, मुनीमजींचं वेगळं. मुनीमजी दिवसभर बिलं फाडायचे, संध्याकाळी सेठजी आपल्या लॉगिनने बसले की त्यातलं एकही बिल नाही. ‘भिया, ये बिल गए कहाँ?’ मुनीमजी शपथा घेतायत, सेठजींना वाटतंय काहीतरी घोटाळा आहे, काका प्रोग्राम फाइल्समधली एमडीबी (अ‍ॅक्सेसची डेटाबेस फाइल) उघडून बघतायत तर तीही जुनीच. प्रिंट मात्र निघालेली, शिक्का मारलेली! शेवटी सर्च मारल्यावर त्याच नावाच्या तीन एमडीबी सापडल्या, एक मूळ, एक सेठजींची, एक मुनीमजींची, प्रत्येकीत वेगळी बिलं. मग डेटा प्रोग्रामडेटा या सामायिक फोल्डरात हलवला, फोल्डरला सगळ्या युजरांची परवानगी दिली आणि बिलं हाताने जुळवत बसले. आज कोणी विचारतं की सेटिंग सेव्ह होत नाही, किंवा व्हिज्युअल स्टुडिओतून चालतं पण इन्स्टॉल केल्यावर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’, तेव्हा मूळ हेच असतं. ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ करून वेळ मारून नेता येते पण ती सवय वाईट.

त्याच सुमारास ६४ बिटही आलं. विंडोजमध्ये येणारा जेटचा (अ‍ॅक्सेसच्या डेटाबेस इंजिनाचा) प्रोव्हायडर फक्त ३२ बिट, त्यामुळे ‘एनीसीपीयू’ सेटिंगवर बनवलेला प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर ‘प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ म्हणतो. एक्स८६ वर, म्हणजे ३२ बिटवर टार्गेट करा, सुटलं. यातली गंमत म्हणजे ६४ बिटच्या डीएलएल सिस्टम३२ मध्ये असतात आणि ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये, कारण जुन्या प्रोग्रामांत सिस्टम३२ हे नाव ठोकून लिहिलेलं होतं. नेटवरून उतरवलेली डीएलएल कोंबणाऱ्यांचा अर्धा वेळ इथेच जातो.

आता डिस्क स्वस्त, नेट स्वस्त, म्हणून गाडी उलट्या दिशेने निघालीय, शेअरिंग सोडा आणि सगळं बरोबर घेऊन चला. इलेक्ट्रॉन (वेबच्या तंत्राने डेस्कटॉप प्रोग्राम बनवायचं साधन, हे नाव २०१५ चं) प्रत्येक प्रोग्रामबरोबर अख्खं क्रोमियम ब्राउझर देतं, साधा टू-डू पण शंभर एमबीच्या वर. डॉटनेट कोअर ३.० ने २०१९ मध्ये विनफॉर्म्स (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम) आणि फ्रेमवर्क एकाच एक्झीत बांधायची सोय दिली. पायथनवाले पायइन्स्टॉलरने एकच फाइल करतात, ती दर वेळी टेम्पमध्ये सुटी होते म्हणून उघडायला वेळ लावते, शेजारच्या इमेजेस तिला सापडत नाहीत, आणि अँटिव्हायरस तिला चोर समजतो, कारण व्हायरसवालेही हेच साधन वापरतात.

त्या निळ्या खिडकीचंही तसंच. ऑथेंटिकोडची सही, म्हणजे प्रोग्राम कोणाचा आहे हे सांगणारी डिजिटल सही, १९९६ पासून आहे, पण सही नसली तरी चालायचं. २०१२ ला विंडोज ८ मध्ये स्मार्टस्क्रीन हा पहारेकरी सिस्टममध्येच बसला आणि नेटवरून आलेली अनोळखी एक्झी अडवायला लागला. सहीसाठी सर्टिफिकेट घ्यावं तर दर वर्षीचा खर्च, त्यात जून २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनवरच किंवा तसल्याच सुरक्षित जागी ठेवायची सक्ती. दोन-चार दुकानांना बिलिंग देणाऱ्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून तो गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो, आधी मोअर इन्फो, मग रन एनीवे. आता एआरएमवाले (वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचे) लॅपटॉपही यायला लागलेत, त्यांच्यावर जुनी एक्झी इम्युलेशनने (जुन्या प्रोसेसरची नक्कल करून) बऱ्यापैकी चालते, पण थर्मल प्रिंटरचा ड्रायव्हर तसा चालत नाही, तो एआरएमसाठीच बनवलेला लागतो. म्हणजे प्रोग्राम उघडणार, बिल बनणार, आणि कागद काही बाहेर येणार नाही.