अस्सल हँडबॅगच्या खुणा आल्या कुठून?

तपकिरी कापडावर एकमेकांत गुंफलेली एल आणि व्ही ही अक्षरं, मधूनमधून चार पाकळ्यांची फुलं. जगात सर्वांत जास्त नक्कल होणाऱ्या नक्षींमध्ये लुई व्हिटॉनची ही नक्षी मोडते. ती जन्माला आली ती मात्र नक्कल थांबवण्यासाठी.

लुई व्हिटॉन यांनी 1854 मध्ये पॅरिसमध्ये प्रवासाच्या पेट्या बनवायला सुरुवात केली. तेव्हा पेट्यांची झाकणं घुमटासारखी असत, म्हणजे पाणी वाहून जाई. पण आगगाडीत त्या एकावर एक रचता येत नसत. व्हिटॉन यांनी सपाट झाकणाची, राखाडी कॅनव्हासने मढवलेली हलकी पेटी आणली. ती खपू लागली तशी इतरांनीही तशीच पेटी काढली. मग 1872 मध्ये पट्ट्यापट्ट्यांचं कापड आलं, त्याचीही नक्कल झाली. 1888 मध्ये चौकड्यांची नक्षी आली, तिच्या काही चौकटींत नोंदणीकृत चिन्ह असल्याचा मजकूरच उमटवलेला होता. तोही पुरला नाही. 1892 मध्ये लुई वारले आणि 1896 मध्ये मुलगा जॉर्ज यांनी वडिलांच्या नावाची आद्याक्षरं नक्षीत गुंफली. उचलायला सोपं जाऊ नये अशी गुंतागुंतीची रचना करायची, आणि तिच्यात नावही असं विणायचं की उचलणाऱ्यावर थेट नाव चोरल्याचा आरोप ठेवता यावा, असा तो विचार होता.

पुढच्या सव्वाशे वर्षांची गोष्ट या चार पायऱ्यांत आधीच घडून गेली आहे, असं मला वाटतं. खूण येते, लोक तिच्यावर विश्वास ठेवतात, आणि विश्वास बसला की तीच खूण नक्कल करण्याजोगी ठरते.

पॅरिसमध्येच हर्मीस या दुसऱ्या हँडबॅग कंपनीचं मूळ वेगळ्या धंद्यात आहे. 1837 मध्ये सुरू झालेली ही घोड्यांच्या साजाची कार्यशाळा. तिथली शिलाई खोगिराची: एकच मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी ओवायच्या. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकतात, त्यामुळे एक टाका तुटला की शिवण उसवत जाते. खोगिराचे टाके किंचित तिरके पडतात आणि माणसाच्या हाताचे असल्याने सगळे तंतोतंत सारखे नसतात. पारखी माणूस आजही आधी शिवण बघतो, त्याचं कारण हे. ही खूण कुणी ठरवून घातलेली नाही. ती कामातच आहे. म्हणूनच मला ती सगळ्यांत मोलाची वाटते, आणि ती घालणाऱ्या कारागिरांविषयी फार आदर वाटतो.

छापील खुणांचं तसं नाही. हर्मीसने 1945 पासून चामड्यावर वर्षाचं अक्षर उमटवायला सुरुवात केली, ए पासून पुढे. अक्षरं संपल्यावर 1971 पासून तीच अक्षरं वर्तुळात, 1997 पासून चौकोनात आली. शनेल या फॅशन कंपनीने 1980 च्या दशकात बॅगेच्या आत अनुक्रमांकाचं स्टिकर आणि त्याच क्रमांकाचं कार्ड द्यायला सुरुवात केली. व्हिटॉनच्या बॅगांतही त्याच दशकात तारखेचा कोड आला: कारखान्याची दोन अक्षरं आणि काही आकडे. 1990 ते 2006 या काळातल्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून महिना होतो, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. 2007 पासून महिन्याच्या जागी आठवडा आला. मुळात हा कोड कारखान्याच्या सोयीचा. एकाच काळात एकाच ठिकाणी बनलेल्या कित्येक बॅगांवर तो सारखाच असतो. खरेदीदारांनी मात्र त्याला प्रमाणपत्र मानलं, आणि नकली माल बनवणाऱ्यांनी बरोबर आकडे छापले. कार्डं तर बॅगेहून सहज छापता येतात.

ऐकीव खुणांनी अस्सल बॅगेवरही संशय येतो. मागच्या बाजूला अक्षरं उलटी दिसली की बॅग नकली, असं कित्येक जण खात्रीने सांगतात. पण व्हिटॉनच्या स्पीडी बॅगेची मूळ रचना एकाच सलग कापडाची आहे. ते तळाखालून वर वळवलं की एका बाजूची अक्षरं उलटीच येणार. उलट दोन्ही बाजूंना अक्षरं सुलटी असली, तर तळाला जोड आहे का ते बघावं.

इंटरनेटवर जुन्या बॅगांची खरेदी-विक्री वाढली तसं वस्तू हातात न घेता फोटोवरून पारखणं आलं. पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे अशा एका फोटोवर जातात, याची मला खरोखर चीड येते. त्यातच नक्कल सुधारली. 2020 मध्ये पॅरिसच्या न्यायालयात हर्मीसच्या बर्किन नावाच्या बॅगांची नक्कल केल्याच्या आरोपावरून खटला चालला, त्यातल्या आरोपींत कंपनीचेच माजी कर्मचारीही होते. शिकलेला हातच पलीकडे गेला, तर टाक्याची पारखही कठीण होते.

मग खूण बॅगेवरून कंपनीच्या नोंदवहीत गेली, आणि बॅगेत त्या नोंदीशी जोडणारी चिप आली. 2021 मध्ये व्हिटॉनने तारखेचा कोड बंद करून अस्तराखाली मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली. शनेलनेही त्याच वर्षी स्टिकरऐवजी चिप असलेली धातूची पट्टी आणली. आता त्या बदलानंतर बनल्याचं सांगून विकल्या जाणाऱ्या व्हिटॉनच्या बॅगेत जुन्या पद्धतीचा कोड सापडला, तर पारखी माणूस तिच्याकडे संशयानेच बघतो.