एचआयव्हीची घरपोच चाचणी आणि ‘नको’ म्हणणारे लोक

एचआयव्हीची चाचणी घरीच करून देतो म्हटलं की बहुतेक लोक तयार होतात. आफ्रिकेतल्या पाच देशांमधल्या २१ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे सव्वापाच लाख लोकांना घरी चाचणी देऊ केली होती आणि सरासरी ८३ टक्क्यांनी ती करून घेतली होती. तरी चर्चा होते ती उरलेल्यांची. हे लोक घाबरट आहेत किंवा त्यांना आजाराची नीट माहिती नाही, समजावून सांगितलं की तेही येतील, असं आरोग्य खात्यांच्या कागदपत्रांतून वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं दिसतं. गेल्या चाळीस वर्षांत ही चाचणी कुठून कुठे आली ते पाहिलं, तर या गृहीतकाला फारसा आधार सापडत नाही. नकार देणाऱ्यांपैकी पुष्कळांचा हिशोब पक्का होता, आणि परिस्थिती बदलली तसा तो हिशोबही बदलत गेला.

पहिली चाचणी मुळात माणसांसाठी नव्हतीच. मार्च १९८५ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली ती रक्तपेढ्यांतलं रक्त तपासायला. पण चाचणी आहे म्हटल्यावर, आपल्याला लागण झाली आहे का हे कळावं म्हणून लोक रक्तदान करायला येतील आणि धोका उलट वाढेल, अशी भीती होती. त्यासाठी नावाऐवजी क्रमांक देऊन तपासणारी वेगळी केंद्रं उघडण्यात आली. तेव्हा औषध नव्हतं. एझेडटी हे पहिलं औषध आलं १९८७ मध्ये, आणि एकट्याच्या बळावर तेही फार काळ पुरत नसे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर नोकरी, विमा, भाड्याचं घर, सगळंच पणाला लागे. हाती मात्र काहीच पडत नसे. अमेरिकेतल्या अनेक समलिंगी संघटना त्या काळात आपल्या लोकांना चाचणीपासून सावध करत होत्या आणि त्यामागे अज्ञान अजिबात नव्हतं. या आजाराबद्दल त्यांच्याइतकी माहिती तेव्हा क्वचितच कुणाला असेल.

घरी चाचणी करण्याची कल्पनाही याच काळातली आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब कार्डावर घ्यायचा, कार्ड टपालाने प्रयोगशाळेत पाठवायचं आणि काही दिवसांनी फोनवर आपला गुप्त क्रमांक सांगून निकाल विचारायचा, असे प्रस्ताव १९८० च्या दशकातच अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आले होते. ते बरीच वर्षं अडकून पडले. आक्षेप मुख्यतः एकच होता: अशी बातमी माणसाला फोनवर, एकट्याने ऐकावी लागली तर तो जिवाचं बरंवाईट करून घेईल. समुपदेशक समोर हवाच, असा आग्रह होता. अखेर १९९६ मध्ये अशा दोन किटना मान्यता मिळाली. त्यातलं ‘कॉन्फाइड’ हे किट जॉन्सन अँड जॉन्सनच्या उपकंपनीचं होतं आणि अपेक्षेइतका खप न झाल्याने पुढच्याच वर्षी ते बाजारातून मागे घेतलं गेलं. दहा वर्षांच्या वादानंतर दार उघडलं, तर आत यायला फारशी गर्दीच नव्हती.

पण १९९६ हे वर्ष दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचं ठरलं. तीन औषधं एकत्र दिली तर विषाणू आटोक्यात राहतो, हे त्या वर्षी व्हँकुव्हरच्या जागतिक एड्स परिषदेत जगापुढे आलं. चाचणीला ‘हो’ म्हणण्यात आता काहीतरी फायदा होता. मात्र ज्या देशांमध्ये सर्वाधिक रुग्ण होते, तिथे ही औषधं पोहोचायला आणखी सात-आठ वर्षं गेली.

आफ्रिकेत लोक चाचणी टाळतात असं म्हटलं जायचं, ते मुख्यतः या मधल्या वर्षांत. जरा खोलात गेल्यावर चित्र वेगळं दिसू लागलं. झांबियात लुसाकामध्ये झालेल्या एका अभ्यासात काहींना जवळच्या दवाखान्यात चाचणी देऊ केली आणि काहींना जागा स्वतः निवडायला सांगितली. घरही चालेल, अशी मुभा होती. पहिल्या गटात जेमतेम १२ टक्के लोक तयार झाले, दुसऱ्या गटात सुमारे ५६ टक्के. लोक त्याच वस्तीतले आणि चाचणीही तीच. फरक होता तो दवाखान्याच्या बाकावर बसलेलं कुणी पाहील की नाही, एवढाच. युगांडाच्या एका ग्रामीण अभ्यासात निकाल घरी नेऊन द्यायला सुरुवात केल्यावर निकाल जाणून घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण १० टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर गेलं.

मलावीतला २००४ चा प्रयोग तर जास्तच बोलका आहे. तिथे लाळेचा नमुना घरी घेतला, पण निकाल दोन-चार महिन्यांनी तात्पुरत्या केंद्रावर जाऊन घ्यायचा होता. काही आमिष नव्हतं तेव्हा सुमारे ३४ टक्केच लोक गेले. अगदी थोडी रक्कम देऊ केली तरी हे प्रमाण दुप्पट झालं, आणि केंद्र दीड किलोमीटरहून लांब असेल तर पुन्हा कमी झालं. ‘सत्य ऐकायची हिंमत नाही’ हे मोठं स्पष्टीकरण इतक्या किरकोळ पैशांपुढे आणि इतक्या छोट्या अंतरापुढे टिकत नाही. कित्येकांच्या बाबतीत तो नकार नव्हताच. एक दिवसाची मजुरी आणि उन्हातली पायपीट, बस.

मग घरोघरी जाण्याची लाट आली. युगांडाच्या बुशेनी जिल्ह्यात, पश्चिम केनियात गावंच्या गावं पिंजून काढली गेली. लेसोथोने २००५ च्या जागतिक एड्स दिनी तर बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला चाचणी देऊ करण्याची घोषणा केली, पण ठरलेल्या मुदतीत ते उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचले नाहीत. घाईत नेमलेल्या कार्यकर्त्यांचं प्रशिक्षण अपुरं होतं आणि गोपनीयतेबद्दल मानवाधिकार संघटनांनी उघड प्रश्न विचारले. गोपनीयतेचा हा धडा तिथेच शिकला गेला असता तर बरं झालं असतं.

कारण घरी चाचणी झाली की रस्त्यावरच्या नजरा टळतात, घरातल्या नजरा टळत नाहीत. एका खोलीत पाच माणसं राहत असतील तर समुपदेशन कुठे करायचं? बाईला चाचणी करायची असते, पण ‘नवऱ्याला विचारल्याशिवाय नको’ असं ती म्हणते. पॉझिटिव्ह निघालो तर आजार घरात आपणच आणला असं ठरेल, ही तिची भीती काल्पनिक नसते. कार्यकर्ता एखाद्या दारातून पाच मिनिटांत बाहेर पडला आणि शेजारच्या दारातून अर्ध्या तासाने, तर गल्ली त्यावरूनही अंदाज बांधते. आणि हा कार्यकर्ता कुठला असावा? गावचा असेल तर विश्वास वाटतो, पण बातमी फुटण्याची धास्तीही असते. परका असेल तर गुपित सुरक्षित राहतं, पण त्याच्या हातात रक्त का द्यायचं, हा प्रश्न उरतो. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत रक्त चोरून नेणाऱ्यांच्या कहाण्या वसाहतकाळापासून चालत आल्या आहेत. सर्वेक्षणासाठी रक्त नेणारे लोक निकाल न सांगता निघून जात, तेव्हा त्या कहाण्यांना बळच मिळत असणार. या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक राष्ट्रीय सर्वेक्षणांत नमुने निनावी असत आणि निकाल त्या माणसाला कळवला जात नसे, ही वस्तुस्थिती आहे.

पुरुष चाचणी करत नाहीत, ही तक्रार कायमची. पण घरी सापडलेल्या पुरुषांनी होकार देण्याचं प्रमाण स्त्रियांपेक्षा फारसं कमी नसतं, असंच बहुतेक ठिकाणी दिसलं. अडचण अशी की कार्यकर्ते सकाळी अकराला येतात आणि पुरुष त्या वेळी कामावर असतात. आकडेवारीत मात्र ‘भेटला नाही’ आणि ‘नको म्हणाला’ यांची सरमिसळ सर्रास होते.

याहून मोठी सरमिसळ वेगळीच होती. मलावीतल्या अभ्यासांत असं आढळलं की आपण बाधित आहोत हे ज्यांना आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा चाचणीला नकार देण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असते. म्हणजे ज्यांना अजाण समजून समजावायला जायचं, त्यांतल्या अनेकांना सगळं माहीत होतं. फक्त दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला ते सांगायचं नव्हतं. सर्वेक्षणांतला बाधितांचा अंदाज यामुळे कमी येऊ शकतो, ही संख्याशास्त्रज्ञांची काळजी. ज्याच्यावर ‘नकार’ असा शिक्का बसतो त्याची काळजी फारच कमी जणांनी केली.

स्वतःच स्वतःची चाचणी करणं हा त्यावरचा ताजा उपाय. लाळेवरून घरी करायच्या ‘ओराक्विक’ या चाचणीला अमेरिकेत जुलै २०१२ मध्ये परवानगी मिळाली. सर्वसामान्य लोकांनी ती वापरली तेव्हा बाधितांपैकी साधारण बारांत एकाचा निकाल चुकून निगेटिव्ह आला. शिवाय लागण होऊन तीन महिने झाले नसतील तर तिच्यावर विसंबता येत नाही. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१६ मध्ये स्वचाचणीची शिफारस केली. केनियात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या हाती नवऱ्यासाठी किट दिलं, तेव्हा सुमारे ९१ टक्के नवऱ्यांची चाचणी झाली. नवऱ्याला दवाखान्यात चाचणीला बोलावणारी नुसती चिठ्ठी दिलेल्या गटात हे प्रमाण ५२ टक्के होतं. आत्महत्यांची जी लाट येईल म्हणून तीस वर्षांपूर्वी किट अडवलं होतं, ती आली नाही. पण बायको किट पुढे करते आणि नवरा चिडतो, किंवा नवरा किट आणतो आणि बायकोला नाही म्हणता येत नाही, हे प्रश्न समुपदेशक समोर नसल्यामुळे आता कुणाच्या नोंदवहीत सहजी येत नाहीत.

उपचार सर्वदूर झाल्यावर घरोघरीच्या मोहिमांचं गणितही बदललं. अनेक वस्त्यांमध्ये बाधितांपैकी बहुतेक जण गोळ्या घेत असतात, त्यामुळे शंभर दारं ठोठावून नवा रुग्ण एखादाच सापडतो. म्हणून कार्यक्रमांचा ओघ सरसकट मोहिमांकडून बाधितांच्या जोडीदारांकडे आणि किटच्या वाटपाकडे वळला आहे. जिथे दारावर जाणं चालू आहे, तिथे चांगले कार्यकर्ते चाचणीचं नाव काढण्याआधी ‘तुम्ही उपचार घेता का’ असं विचारतात, आणि उत्तर मिळालं नाही तर आग्रह न करता पुढच्या घरी जातात.