बी माय बेबी

'बी माय बेबी' हे न्यूयॉर्कच्या 'द रॉनेट्स' या तीन मुलींच्या गायनचमूचे 1963 सालचे पॉप गाणे. ऑगस्टमध्ये फिलीस रेकॉर्ड्सने ते मिनिटाला 45 फेऱ्यांच्या छोट्या तबकडीवर बाजारात आणले. ऑक्टोबरपर्यंत ते अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होते, ब्रिटनमध्येही चौथ्यापर्यंत गेले. गाणे जेफ बॅरी, एली ग्रीनिच आणि निर्माते फिल स्पेक्टर यांनी मिळून रचले आणि वाद्यमेळ जॅक नित्शे यांनी बांधला. लांबी तीन मिनिटांहून कमी. तेवढ्या वेळात मुलींच्या पॉप गाण्यात ठेका, खोली आणि एक आवाज यांचे जे काही साधता येते ते इथे साधले आहे. म्हणूनच ध्वनिमुद्रण शिकणारे आजही हे गाणे तुकड्या-तुकड्याने ऐकतात.

गाण्याची ओळख म्हणजे त्याचा ठेका. सुरुवातीला बाकी सगळे गप्प असते आणि फक्त ड्रम वाजतो. चार मात्रांचे आवर्तन धरून टाळी दिली तर हिशेब असा बसतो: पहिल्या मात्रेवर मोठ्या ड्रमचा 'धूम', दुसरी मात्रा रिकामी, तिच्या उत्तरार्धात हलका 'धु', तिसरीवर पुन्हा 'धूम' आणि चौथीवर स्नेअरचा, म्हणजे करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमचा, 'कडाड'. लय मिनिटाला साधारण 130 मात्रांची. त्या काळच्या बहुतेक रॉक आणि पॉप गाण्यांत स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही मात्रांवर पडत असे. इथे दुसरीवरचा घाव काढून घेतला आहे. त्यामुळे प्रत्येक आवर्तनात कान क्षणभर वाट पाहतो आणि चौथीचा घाव दुप्पट जोराने लागतो. ड्रमवादक हॅल ब्लेन यांनी नंतर सांगितले की हा ठेका ठरवून आला नव्हता. वाजवताना एक घाव राहून गेला आणि तीच चूक त्यांनी पुढे चालू ठेवली.

चाल वरवर सोपी वाटते, पण मधला भाग कसलेल्या हाताचा आहे. मूळ पट्टी ई मेजर, म्हणजे पेटीवरची पांढरी तीन. तिला सा मानले तर कडव्याचे स्वरमेळ (कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे गुच्छ) सा, रे (हा मायनर, म्हणजे उदास छटेचा) आणि प यांवर फिरतात. इथपर्यंत त्या काळच्या कितीतरी गाण्यांसारखेच. त्यानंतर मात्र चाल एकदम ग वर उडी घेते आणि तिथून ग, ध, रे, प अशी एकेक पायरी ओलांडत ध्रुवपदाच्या सा वर उतरते. या चारही पायऱ्यांवर सेव्हन्थ जातीचे, म्हणजे सातवा स्वर मिसळलेले, मेळ आहेत. प्रत्येक मेळ पुढच्याची ओढ लावतो आणि स्वतः कुठेच विसावत नाही. गाण्याचे नाव ज्या ओळीत येते ती ओळ पहिल्यांदा ऐकतानाही सुटका झाल्यासारखी वाटते, ती या ओढीमुळे. ध्रुवपद मग सा, ध (मायनर), म, प या सगळ्यांच्या ओळखीच्या रस्त्याने जाते. पेटीवर वा गिटारवर वाजवून पाहणाऱ्याने मधले चार मेळ घाईने उरकू नयेत. प्रत्येकाला दोन पूर्ण आवर्तने दिली नाहीत तर सगळी ओढच निघून जाते.

ध्वनिमुद्रण जुलै 1963 मध्ये लॉस एंजेलिसच्या गोल्ड स्टार स्टुडिओत झाले. ध्वनिमुद्रक होते लॅरी लेव्हाइन. ज्या पद्धतीला पुढे 'वॉल ऑफ साउंड', म्हणजे नादाची भिंत, असे नाव पडले तिचा हा सर्वात सुबक नमुना. पद्धत अशी: एकाच मध्यम आकाराच्या खोलीत एका वाद्याऐवजी त्याच जातीची दोन-तीन वाद्ये बसवायची. अनेक गिटार, एकाहून जास्त पियानो, उभा बास आणि इलेक्ट्रिक बास दोन्ही, सॅक्सोफोन, शिवाय शेकर (हलवून वाजवायचा खुळखुळा) आणि कॅस्टनेट्स (बोटांत धरून वाजवायच्या लाकडी टाळ्या). पियानोवादकांनी एकमेकांपेक्षा वेगळे काही वाजवायचे नाही. सगळ्यांनी तेच मेळ, त्याच वेळी. असे केले की पियानो कुठला आणि गिटार कुठली हे कानाला वेगळे काढता येत नाही, दोन्ही मिळून एक नवेच वाद्य ऐकू येते. खोली लहान आणि माणसे जास्त, त्यामुळे ड्रमचा आवाज गिटारच्या माइकमध्ये आणि गिटारचा पियानोच्या माइकमध्ये शिरायचा. इतर स्टुडिओत ही गळती दोष समजून पडदे लावून थांबवत. इथे तिच्यावरच सगळे बांधकाम उभे आहे.

या मिश्रणाचा काही भाग गोल्ड स्टारच्या प्रतिध्वनी खोलीत पाठवला जाई. ही सिमेंटचा गिलावा दिलेली बंद खोली. आत एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. स्पीकरमधून वाद्यमेळ वाजवायचा, भिंतींवर आपटून येणारा आवाज माइकने टिपायचा आणि तो मूळ आवाजात कालवायचा. ध्वनिमुद्रणाचे यंत्र तीन ट्रॅकचे होते, म्हणजे एकाच फितीवर तीन आवाज वेगवेगळे टिपता येत. सगळा वाद्यमेळ एकाच ट्रॅकवर एकजीव करून ठेवावा लागे, म्हणजे उरलेल्या जागी गळे आणि तंतुवाद्ये घेता येत. एकदा कालवलेले पुन्हा वेगळे करणे शक्य नव्हते. ड्रम जरा मोठा झाला तर सगळा वाद्यवृंद पुन्हा बसवायचा. स्पेक्टर वादकांकडून तासन्‌तास तेच वाजवून घेत, त्यामागे हेही एक कारण होते. थकलेला वादक स्वतःची कारागिरी दाखवायची सोडतो आणि समूहात मिसळतो, हे दुसरे.

या सगळ्या गर्दीसमोर उभा आहे तो रॉनीचा आवाज. रॉनी म्हणजे वेरोनिका बेनेट; त्या, त्यांची थोरली बहीण एस्टेल आणि मावसबहीण नेद्रा टॅली अशा या तिघी मॅनहॅटनच्या उत्तर भागात वाढलेल्या. 1961 च्या सुमारास त्या 'रॉनी अँड द रिलेटिव्ह्ज' या नावाने गात होत्या. या गाण्याच्या वेळी रॉनी 19 वर्षांच्या होत्या. मुख्य गायन त्यांचे एकटीचे. मागच्या कोरसात स्टुडिओतल्या इतर गायकांबरोबर पुढे जोडीने प्रसिद्ध झालेले गायक सोनी बोनो आणि तेव्हा 17 वर्षांच्या शेर होत्या. रॉनी यांनी पुढे सांगितले आहे की स्टुडिओतल्या बायकांच्या स्वच्छतागृहात आवाज छान घुमायचा, म्हणून त्या तिथे तालीम करत. त्यांचा कंप रुंद आणि सावकाश आहे. लांब स्वराच्या शेवटी तो येतो, सुरुवातीला नाही. ध्रुवपदातल्या ओळींच्या मध्ये त्यांनी घेतलेली 'ओ ओ ओ' ही साद शब्दांइतकीच महत्त्वाची आहे. भावगीतात सुधीर फडके एखादा स्वर जसा शेवटच्या क्षणी हलवतात, तेवढेच भान या पोरीला एकोणिसाव्या वर्षी होते, असे म्हणणे अतिशयोक्ती नाही. गाणे संपत आले की वाद्यमेळ थांबतो, सुरुवातीचा एकटा ठेका पुन्हा येतो आणि मग ध्रुवपद परतते. आवाज हळूहळू मंद होत असताना ब्लेन मोकळेपणी तुकडे घेतात. ते ऐकायचे तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात आवाज वाढवावा लागतो.

तबकडीची दुसरी बाजूही अभ्यासण्यासारखी आहे. तिच्यावर 'टेडेस्को अँड पिटमन' नावाची वाद्यधून आहे, टॉमी टेडेस्को आणि बिल पिटमन या दोन गिटारवादकांच्या नावाने. फिलीसच्या तबकड्यांत मागच्या बाजूला अशी बिनमहत्त्वाची धून मुद्दाम घालत. रेडिओ निवेदकाला दुसरी बाजू लावायचा मोह होऊ नये आणि सगळी ताकद एकाच गाण्यामागे लागावी, हा हेतू.

हे गाणे नव्याने वाजवणारे वाद्यवृंद बहुतेक त्याच तीन ठिकाणी फसतात. पहिले, ड्रमवादक सवयीने दुसऱ्या मात्रेवर स्नेअर मारतो आणि ठेका सामान्य होतो. दुसरे, सगळा प्रतिध्वनी गायिकेच्या आवाजावर ओतला जातो. मूळ मुद्रणात घुमारा मुख्यतः वाद्यांवर आहे आणि आवाज त्यांच्या पुढे, जवळ आहे. उलट केले की गायिका भिंतीमागे जाते. तिसरे, वाद्ये डाव्या-उजव्या बाजूंना वाटली जातात. मूळ मिश्रण मोनो आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच वाटेने येतो, आणि मोनोसाठीच रचलेले आहे. वाद्ये दोन बाजूंना पांगली की भिंतीच्या विटा मोकळ्या होतात. गाणे ऐकायचे तर मोनो आवृत्तीच शोधावी. मोटारीतल्या किंवा ट्रान्झिस्टरच्या एकाच स्पीकरवरही ते कोसळत नाही.

मोटारीतल्या स्पीकरचा उल्लेख उगाच नाही. बीच बॉइज या अमेरिकी बँडचे ब्रायन विल्सन यांनी ते गाडी चालवताना रेडिओवर ऐकले आणि गाडी रस्त्याकडेला घेतली. त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'डोन्ट वरी बेबी' रचले, जे 1964 मध्ये आले. जानेवारी 1964 मध्ये रॉनेट्स ब्रिटनच्या दौऱ्यावर गेल्या, तेव्हा रोलिंग स्टोन्स हा ब्रिटिश रॉक बँड त्यांच्याबरोबर होता. गाण्याची 2006 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत नोंद केली.

गायिकांच्या वाट्याला काय आले, हा भाग मात्र दुखरा आहे. रॉनी आणि स्पेक्टर यांचे लग्न 1968 मध्ये झाले, 1974 मध्ये घटस्फोट झाला. 1963 च्या करारातून तिघींना मिळून सुमारे 15 हजार डॉलरची आगाऊ रक्कम मिळाली, त्यानंतर मानधन नाही. मधल्या काळात हे मुद्रण 'मीन स्ट्रीट्स' (1973) आणि 'डर्टी डान्सिंग' (1987) या चित्रपटांच्या सुरुवातीला वाजले. तिघींनी न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि खालच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने लाखो डॉलरचा निकाल दिला. 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो बदलला. करारात मुद्रणाची मालकी बिनशर्त निर्मात्याकडे गेली होती आणि चित्रपटातल्या वापराबद्दल एक शब्दही नव्हता, म्हणून त्या वापराचे पैसे गायिकांना नाहीत. तबकड्या, कॅसेट आणि सीडी यांच्या विक्रीवरचे मानधन करारातल्या दराने द्यावे, असे ठरले. घटस्फोटाच्या वेळी केलेल्या सहीमुळे रॉनीचा त्यावरचा हक्क गेला, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही.